नवे औषध, जुनी चिठ्ठी

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यातील मजकूर थोडक्यात असा:

‘माझा मुलगा 28 वर्षांचा आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला कानात आवाज ऐकू येऊ लागले आणि शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. पहिली दोन वर्षे रिस्पेरिडोन दिले. त्याने हातपाय ताठरले, म्हणून सोबत ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी सुरू झाली. पुढे रिस्पेरिडोन बंद करून ओलान्झापिन दिले, ते गेली चार वर्षे चालू आहे. ती दुसरी छोटी गोळीही चालूच आहे. संशय गेला, आवाज पुष्कळ कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत. वजन 21 किलोंनी वाढले. दिवसभर पडून असतो, विचारल्याशिवाय बोलत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही म्हणतो. सकाळी मात्र माझ्याबरोबर उसाला दारे धरायला येतो. न्यू जर्सीतील माझ्या भाच्याने बातमी पाठवली आहे की डोपामाइनला हात न लावणारे नवे औषध तिकडे निघाले असून ते सुपारीतील द्रव्यावरून तयार केलेले आहे. येणाऱ्या कोणाबरोबर तरी दोन महिन्यांच्या गोळ्या पाठवतो, असे तो म्हणतो. तोवर चालू गोळी हळूहळू कमी करून ठेवावी काय? माझ्या आईचे वय 86 आहे. ती विचारते, सुपारीतूनच औषध निघते तर पोराला सुपारीच का देत नाही?’

माननीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो. चालू गोळी कमी करू नका. भाच्याला गोळ्या पाठवू नका असे कळवा. सुपारी देऊ नका. एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही याची मला कल्पना आहे, आणि होऊही नये. कारण भाच्याने पाठवलेली बातमी खोटी नाही. गेल्या सत्तर वर्षांत या आजाराच्या औषधोपचारात जे मूलभूत बदल झाले, त्यांत तिची गणना करावी लागेल. शिवाय तुमच्या पत्रात ‘ती दुसरी छोटी गोळीही चालूच आहे’ असे जे वाक्य आहे, त्याचा या बातमीशी तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक द्रव्यांच्या मार्फत बोलतात. एका पेशीतून सुटलेले द्रव्य दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि तिला निरोप मिळतो. या प्रथिनालाच रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. 1952 साली पॅरिसमध्ये झाँ दले आणि पिएर दनिकेर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरले, तेव्हा ते का लागू पडते हे कोणालाच माहीत नव्हते. 1970च्या दशकाच्या मध्यावर टोरांटो आणि बाल्टिमोर येथील संशोधकांनी दाखवून दिले की क्लोरप्रोमाझिन आणि त्यासारखी औषधे डोपामाइन या निरोप्या द्रव्याच्या डी-2 नावाच्या रिसेप्टरवर जितकी घट्ट बसतात, तितकी त्यांची कमी मात्रा पुरते. तेव्हापासून 2024पर्यंत या आजारासाठी जे जे औषध मान्य झाले, त्याने कमीअधिक प्रमाणात डी-2चेच दार अडवले. तुमच्या मुलाने घेतलेले रिस्पेरिडोन आणि आता चालू असलेले ओलान्झापिन, दोन्ही याच घराण्यातील आहेत.

तुम्ही दारे धरण्याचा उल्लेख केलात म्हणून त्याच भाषेत सांगतो. आवाज ऐकू येणे आणि संशय घेणे ही लक्षणे वाढतात तेव्हा मेंदूच्या स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामाइन गरजेपेक्षा जास्त सुटत असते, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे पाटालाच पाणी जास्त आहे. आजवरची औषधे पाटाचे पाणी कमी करत नाहीत. ती प्रत्येक सरीच्या तोंडाशी माती टाकून पाणी आत शिरू देत नाहीत. साधारण 65 टक्के रिसेप्टर अडले की पुष्कळ रुग्णांचे आवाज मंदावतात आणि 80 टक्क्यांच्या आसपास गेले की हातपाय ताठरू लागतात; रिस्पेरिडोनवर तुमच्या मुलाचे जे झाले, ते या हिशेबात बसते. पण ही माती ज्या सरीला पाणी हवे होते तिच्याही तोंडाशी पडते. उमेद, उत्सुकता, एखादी गोष्ट मिळवावीशी वाटणे यांनाही डोपामाइन लागते. दिवसभर पडून राहणे हा काही अंशी आजाराचाच भाग असतो आणि काही अंशी औषधाचा असू शकतो. कोणत्याचा वाटा किती, हे सांगणे अनुभवी डॉक्टरलाही सोपे नसते.

नव्या औषधाने वरच्या दाराकडे लक्ष दिले. ॲसिटिलकोलिन हे मेंदूतील आणखी एक निरोप्या द्रव्य असून त्याच्या रिसेप्टरांच्या एका कुळाला मस्करिनिक म्हणतात. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या विषारी अळंबीतील मस्करिन या द्रव्यावरून ते नाव पडले. या कुळात एम-1 ते एम-5 असे पाच भाऊ आहेत. त्यांपैकी एम-4 चेतवला की डोपामाइन सोडणाऱ्या पेशींना मिळणारी चेतना उतरते आणि डोपामाइन मुळातच कमी सुटते. एम-1 हा मेंदूच्या बाह्यपटलात पुष्कळ असतो, आणि शिकणे, लक्षात ठेवणे, मन एकाग्र करणे यांच्याशी त्याचा संबंध आहे. तेव्हा भाच्याचे ‘डोपामाइनला हात न लावणारे’ हे वर्णन अर्धेच बरोबर आहे. औषध डोपामाइनच्या रिसेप्टरवर बसत नाही, पण डोपामाइनचा प्रवाह मात्र कमी करते.

आता सुपारीविषयी. तुमच्या मातोश्रींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण हीच शंका वैज्ञानिकांनाही आली होती. सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते आणि ते मस्करिनिक रिसेप्टर चेतवते. ते टोचल्यावर निश्चल, अबोल झालेले काही रुग्ण थोडा वेळ सुसंगत बोलू लागल्याची नोंद अमेरिकेत 1957 साली झाली. पुढे 2000 साली प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवर केलेल्या एका पाहणीत, सुपारी खाणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची लक्षणे न खाणाऱ्यांपेक्षा काहीशी सौम्य आढळली. त्या पाहणीवरून सुपारीमुळेच लक्षणे सौम्य झाली असे मात्र म्हणता येत नाही. अरेकोलिनचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. ते पाचही भावांना सरसकट जागे करते, त्यामुळे लाळ, घाम, पोटातील कळा, हृदयाची गती असे सगळेच त्याच्या कह्यात येते. आणि एका खांडात ते किती आहे याचा काही नेम नाही. त्यापलीकडे, सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. तोंड उघडेनासे झालेली तरुण मुले आपल्याकडच्या दंतवैद्यांना नित्य दिसतात, ती सुपारीमुळेच. आजींना एवढेच सांगा की विचार योग्य दिशेचा होता, म्हणूनच रसायनशास्त्रज्ञांनी त्या द्रव्याची घडण बदलून नवे द्रव्य बनवले.

ते नवे द्रव्य म्हणजे झॅनोमेलिन. त्याचा ओढा प्रामुख्याने एम-1 आणि एम-4कडे आहे. 1990च्या दशकात एली लिली कंपनीने ते अल्झायमरच्या रुग्णांवर तपासले. स्मरणशक्तीत झालेली सुधारणा माफकच होती, पण त्या रुग्णांचे भास आणि संशय कमी झाल्याचे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. अडचण अशी की सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांनी मळमळ, उलट्या, घाम, चक्कर यांसारख्या त्रासांमुळे औषध सोडले. 2008 साली स्किझोफ्रेनियाच्या 20 रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीतही उपयोग दिसला. तरीही उलट्या करवणारे औषध बाजारात कोण आणणार, म्हणून ते तसेच पडून राहिले.

त्याची सुटका केली ती लघवीच्या गोळीने. ट्रॉस्पियम हे वारंवार लघवी होणाऱ्यांना दिले जाणारे जुने औषध मस्करिनिक रिसेप्टर बंद करते, पण रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरत नाही. झॅनोमेलिन मेंदूत जाऊन रिसेप्टर चेतवते आणि ट्रॉस्पियम मेंदूबाहेर, पोटात व इतरत्र, तेच रिसेप्टर झाकून ठेवते; दोन्ही एकत्र दिली की त्रास सोसण्याइतका राहतो. या क्षेत्रात इतकी साधी आणि इतकी चतुर युक्ती माझ्या पाहण्यात दुसरी नाही. कारुना या अमेरिकी कंपनीने ती पुढे नेली, पुढे ब्रिस्टल मायर्स स्क्विबने कारुना सुमारे 14 अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि 26 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कोबेनफी’ या नावाने या जोडगोळीला मान्यता दिली.

बातमी इथे संपते, पण तुमचा निर्णय चाचण्यांचे तपशील पाहूनच व्हायला हवा. मान्यतेचा आधार असलेल्या दोन चाचण्यांत प्रत्येकी सुमारे 250 रुग्ण होते आणि कालावधी पाच आठवड्यांचा होता. लक्षणे मोजण्यासाठी 30 ते 210 गुणांचे एक मापन वापरतात; गुण जितके जास्त तितका आजार तीव्र. पहिल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी 21.2ने उतरले आणि औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांचे 11.6ने, दुसरीत हे आकडे 20.6 आणि 12.2 होते. फरक खरा आहे, चांगला आहे, आणि वजन वाढणे किंवा अंग ताठरणे यांचा जाच फारसा दिसला नाही. मात्र हे रुग्ण आजार नुकताच उफाळल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेले होते. त्यांची आधीची औषधे थांबवलेली होती. आणि पूर्वीच्या औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांना या चाचण्यांत घेतलेच नव्हते. तुमचा मुलगा या चाचण्यांतील रुग्णांसारखा नाही.

त्याच्यासारख्या रुग्णांवर वेगळी चाचणी झाली: चालू औषधाने लक्षणे पुरती न हटलेल्यांना त्याच औषधाच्या जोडीला एका गटात हे नवे औषध आणि दुसऱ्या गटात औषध नसलेली गोळी दिली. एप्रिल 2025मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील फरक केवळ दोन गुणांचा निघाला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. भाच्याच्या बातमीत हा भाग बहुधा नसेल. यशाच्या बातम्या समुद्र ओलांडतात, अपयशाच्या गोदीतच राहतात.

नव्या रिसेप्टरांच्या वाटेवर अशी अपयशे बरीच आहेत. एम-4लाच वेगळ्या रीतीने मदत करणारे एमराक्लिडीन हे औषध नोव्हेंबर 2024मध्ये दोन चाचण्यांत निष्फळ ठरले. टार-1 नावाच्या रिसेप्टरवरील उलोटारॉन्टबद्दल 2020 साली मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या. 2023मध्ये मोठ्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही इतका गुण आला की दोहोंत फरकच उरला नाही. ग्लुटामेट या द्रव्याच्या मार्गावर लिली आणि रोश या कंपन्यांनी केलेले प्रयत्न त्याच्याही सुमारे दहा वर्षे आधी फसले होते. हे निराश करण्यासाठी सांगत नाही. मेंदूतील एखादे दार उंदरात उघडते म्हणून ते माणसातही तसेच उघडेल, असे गृहीत धरता येत नाही, हे तुमच्या भाच्यासारख्या हुशार आणि आस्था असलेल्या नातेवाइकांनी लक्षात घ्यावे म्हणून सांगतो.

आता चालू गोळी कमी करण्याविषयी. 65 चाचण्या एकत्र करून 2012 साली काढलेला हिशेब असा आहे की औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात 27 टक्के रुग्णांचा आजार पुन्हा उलटला आणि औषध थांबवून औषध नसलेली गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा. आजार दुसऱ्या दिवशी उलटत नाही. पहिले काही आठवडे मुलगा ताजातवाना दिसतो, झोप कमी होते, बोलू लागतो, घरच्यांना वाटते की बरे झाले गोळी कमी केली. आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो पुन्हा खिडक्या लावून घेऊ लागतो. प्रत्येक वेळी आजार उलटल्यावर रुग्ण पूर्वीच्याच जागी परत येतो असेही नाही.

भाच्याच्या गोळ्यांना माझा विरोध केवळ कायद्यापुरता नाही. परदेशातील औषध स्वतःच्या उपचारासाठी मागवायचे तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना घ्यावा लागतो. कोणाच्या तरी सामानातून गोळ्या आणणे ही त्याची रीत नव्हे. खर्चाचे म्हणाल, तर अमेरिकेत बाजारात आले तेव्हा त्याची छापील किंमत महिन्याला 1,850 डॉलर होती. पण खरी अडचण शरीराची आहे. हे औषध दिवसातून दोनदा, जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर किमान दोन तासांनी घ्यायचे असते आणि मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवायची असते. ते सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी करावी लागते, सुरू केल्यावर नाडीकडे लक्ष ठेवावे लागते. लघवी अडत असेल किंवा यकृत मध्यम वा गंभीर प्रमाणात बिघडलेले असेल तर ते देताच येत नाही. आणि तुमच्या घरी तर ते त्या छोट्या गोळीच्या जोडीला गेले असते.

ती छोटी गोळी म्हणजे ट्रायहेक्सीफेनिडिल. ती काय करते, ठाऊक आहे? मस्करिनिक रिसेप्टर बंद करते. ट्रॉस्पियमसारखे मेंदूबाहेर नव्हे, तर मेंदूत शिरून, आणि एम-1 तर नेमकेपणाने. ताठरपणावर ती गुणकारी आहे आणि तेव्हा ती दिली हे योग्यच झाले. पण जे रिसेप्टर उघडावेत म्हणून समुद्रापलीकडून गोळी आणण्याचा विचार चालला आहे, तेच रिसेप्टर तुमच्या घरी रोज सकाळी एका गोळीने बंद होत आहेत. तोंड कोरडे पडणे, मलावरोध, धूसर दिसणे आणि वाचलेले लक्षात न राहणे हे तिचे ओळखीचे परिणाम आहेत. रिस्पेरिडोनमुळे ती आली होती. रिस्पेरिडोन गेल्याला चार वर्षे झाली. ओलान्झापिनने अंग ताठरण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, आणि ओलान्झापिन स्वतःही हे रिसेप्टर काही प्रमाणात बंद करते. आपल्याकडे ही गोळी एकदा चिठ्ठीवर चढली की सहसा उतरत नाही, कारण प्रत्येक भेटीत ‘मागचेच चालू ठेवा’ असे लिहिले जाते. हे डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळेच होते असे मी म्हणणार नाही; ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला पाच मिनिटे येत असतील तर जुनी ओळ कोण तपासणार? ही गोळी एकाएकी थांबवायची नसते. ती आता लागते का आणि नसेल तर किती आठवड्यांत उतरवायची, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवावे. पण प्रश्न तुम्ही विचारा.

वजनाचाही प्रश्न विचारा. ओलान्झापिनमुळे वाढणाऱ्या वजनावर मधुमेहातील मेटफॉर्मिन हे स्वस्त औषध उपयोगी पडते, आणि अलीकडे तर ते सुरुवातीपासूनच जोडीला द्यावे असा तज्ज्ञांचा कल आहे. उपाशीपोटीची साखर, चरबी आणि कमरेचा घेर यांची नोंद गेल्या चार वर्षांत किती वेळा झाली, ते फाइलमध्ये पाहा.

आणि तिसरा प्रश्न क्लोझापिनचा. दोन औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे नियमित घेऊनही आवाज त्रास देण्याइतके उरले असतील, तर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत पुढचे नाव क्लोझापिनचे आहे. 1988 साली अमेरिकेत जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या 268 रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांत क्लोझापिनने 30 टक्के रुग्ण सुधारले आणि क्लोरप्रोमाझिनने 4 टक्के. ते भारतात तयार होते आणि परवडते. त्याच्याबद्दल भीती आहे ती रक्तातील पांढऱ्या पेशींमुळे: 1975 साली फिनलंडमध्ये या पेशी घटून काही रुग्ण दगावले होते. हा धोका शंभरात एकालाही नसतो आणि रक्ततपासणीने वेळेत कळतो. म्हणून सुरुवातीचे महिने ठरलेल्या दिवशी रक्त द्यायला जाण्याची तयारी घरात हवी. मलावरोध मात्र त्यात ओलान्झापिनपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यावा लागतो, वजनही वाढते, आणि ही किंमत तुमच्या मुलाने मोजावी की नाही हे उरलेले आवाज त्याला किती छळतात यावर ठरेल. ते तुमच्या पत्रातून मला कळलेले नाही. तुम्हालाही नेमके माहीत नसावे असे वाटते. त्यालाच विचारावे लागेल.

जाता जाता एक. तो विडी-सिगारेट ओढत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवते, त्यामुळे ओढणाऱ्याने एकाएकी सोडले तर त्याच मात्रेत रक्तातील औषध वाढते. सोडावे जरूर, पण डॉक्टरांना सांगून. मधल्या काळात अडचण आलीच तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

पुढच्या भेटीला जाताना एक कागद न्या. त्यावर आजवरची औषधे, त्यांच्या मात्रा, सुरू केल्याची आणि थांबवल्याची साले, आणि वजनाचे आकडे लिहा. त्याखाली वरचे तीन प्रश्न. कागदाचा वरचा भाग तुम्ही लिहा. आवाज दिवसातून किती वेळा येतात, काय म्हणतात आणि पाटावर असताना येतात का, हा भाग त्याला लिहू द्या.